‘आवृत्ती जुळत नाही’ : संगणकाचा इशारा इतिहासाच्या विद्यार्थ्याने का पुसू नये

१/
संगणकावर एखादे तयार पॅकेज चढवताना हा मजकूर आपण कधी ना कधी पाहिलेला असतो : ‘हे पॅकेज तुमच्याकडील आवृत्तीपेक्षा नव्या आवृत्तीत बांधलेले आहे.’ आपण तो वाचत नाही. काम चालले तर पुढे जातो, अडले तर संगणकाला दोष देतो. या धाग्यात माझे म्हणणे एवढेच आहे की तो इशारा म्हणजे संगणकाने स्वतः लिहिलेली मिती आहे. आणि पत्रावरची मिती इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी पुसू नये.

२/
इतिहासाच्या धाग्यात हा विषय कशाला, असे काही जण विचारतील. आपण ज्याला ‘अलीकडचा इतिहास’ म्हणतो, त्याची साधने आता दप्तरात बांधलेली नाहीत. १९९० नंतरचा मराठी मजकूर, म्हणजे स्मरणिका, पत्रके, सोसायट्यांचे अहवाल, कामगार संघटनांची निवेदने, बहुतांशी संगणकावरच जन्मला. ती साधने उघडायला गेले की पहिली भेट इशाऱ्याशीच होते. मोडी न वाचता येणाऱ्याला पेशवे दप्तर जितके बंद, तितकाच हा ऐवज आवृत्त्या न वाचता येणाऱ्याला बंद आहे.

३/
प्रथम मूळ गोष्ट. कोणतेही सॉफ्टवेअर दोन रूपांत मिळते. एक म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेली मूळ संहिता. दुसरे म्हणजे ती संहिता एखाद्या विशिष्ट यंत्रासाठी आधीच रूपांतरित करून ठेवलेले तयार पॅकेज. पहिले म्हणजे कापड आणि शिंपी : वेळ लागतो, पण अंगाला बसते. दुसरे म्हणजे दुकानातला तयार सदरा : लगेच मिळतो, पण कॉलरच्या आतल्या चिठ्ठीवर माप छापलेले असते. ‘आवृत्ती जुळत नाही’ हा इशारा म्हणजे ती चिठ्ठी.

४/
मी काळेवाडीत राहते. पवना ओलांडली की पिंपरी, पुढे भोसरी, त्याच्याही पुढे चाकण. या पट्ट्यात वाढलेल्याला ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. लहान वर्कशॉपमध्ये जॉबवर्क येते तेव्हा सोबत ड्रॉइंग येते आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत रिव्हिजन लिहिलेली असते. मोठ्या कारखान्याने मधल्या काळात रिव्हिजन बदलली आणि वर्कशॉपने जुन्या ड्रॉइंगवर माल काढला, तर भोक एका मिलिमीटरने सरकलेले निघते आणि सगळा लॉट परत येतो. वस्तू निर्दोष असते. जिथे बसायची तिथे मात्र बसत नाही.

५/
तयार पॅकेजही असेच काही गोष्टी गृहीत धरून बनते. प्रोसेसर कोणत्या जातीचा, ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, तिची आवृत्ती कोणती, तिच्यासोबत येणाऱ्या मूलभूत लायब्ररी कोणत्या. ही गृहीतके पॅकेजच्या पोटात असतात. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते फक्त नाव. दोन यंत्रांवर एकाच नावाचे पॅकेज असूनही एक चालते आणि दुसरे अडते, त्याचे कारण या न दिसणाऱ्या गृहीतकांत असते.

६/
लिनक्सवरचे उदाहरण घ्या. तिथल्या बहुतेक प्रोग्रामांच्या तळाशी ‘जीलिबसी’ नावाची लायब्ररी असते. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्या यंत्रावर सहसा चालतो. नव्यावर बांधलेला जुन्या यंत्रावर अडतो आणि ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ अशा थाटाचा संदेश येतो. काळ एकाच दिशेने वाहतो, हे इतके स्वच्छ सांगणारे दुसरे ठिकाण मला माहीत नाही. नव्याला जुने ओळखता येते, कारण जुने त्याच्या आठवणीत आहे. जुन्याला नवे ओळखता येत नाही.

७/
सांख्यिकीसाठी आपल्यापैकी काही जण ‘आर’ ही भाषा वापरतात. तिची २९ फेब्रुवारी २००० रोजी आलेली १.० आवृत्ती आता स्वतःच इतिहास झाली आहे. आर दोन वेगळ्या सुरांत बोलते. पॅकेज तुमच्या आरपेक्षा किंचित नव्या आवृत्तीत बांधले असेल, तर ती इशारा देते आणि काम चालू ठेवते. पण पॅकेज ४.० च्या आधीच्या आवृत्तीत बांधलेले असेल आणि तुमची आर त्यापुढची असेल, तर ती सरळ नकार देते : पुन्हा बांधून आणा. पहिले ‘जपून’ आहे, दुसरे ‘थांबा’. आपण दोन्ही एकाच वैतागाने वाचतो.

८/
मॅकवर ‘होमब्रू’ नावाची व्यवस्था आहे. तिच्यात तयार पॅकेजला चक्क ‘बाटली’ म्हणतात. मॅकओएसच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी बाटली. यंत्र फार जुने असेल तर त्यासाठी बाटली भरलेलीच नसते. मग होमब्रू आधी बजावते की या आवृत्तीला आता आधार नाही, आणि मूळ संहितेपासून बांधू लागते. पाच मिनिटांचे काम मग रात्रभर चालते. तयार मालाची सोय जुन्या यंत्राला नाकारली जाते, हे इथे उघड दिसते.

९/
पायथनमध्ये तयार पॅकेजला ‘व्हील’ म्हणतात आणि त्याची फाइल पाहण्यासारखी असते. तिच्या नावातच सारी ओळख असते : पॅकेजचे नाव, त्याची आवृत्ती, पायथनची आवृत्ती, शेवटी ऑपरेटिंग सिस्टीम आणि प्रोसेसर. ‘मेनीलिनक्स२०१४’ असा शिक्का असेल तर ते सेंटओएस ७ च्या काळातील लिनक्सला धरून बांधले आहे, असे समजायचे. पत्राचा मायना, मिती आणि शिक्का पाहून ते कुठले, केव्हाचे, कोणाचे हे ठरवायला आपल्याला शिकवतात. इथे तेच करायचे आहे, फक्त नाव वाचून.

१०/
आता आपल्या घरच्या अंगणात येऊ. मराठी कागदांत शुहूर सन येतो. तो अंकांऐवजी अरबी संख्यानामांनी लिहिलेला असतो : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस… मृग लागला की हे वर्ष बदलते, म्हणून त्यात कधी ५९९ तर कधी ६०० मिळवून इसवी सन काढावा लागतो. म्हणजे मिती हेही एक तयार पॅकेजच आहे. कोणीतरी ती एका कालगणनेत बांधली. आपण ती दुसऱ्या कालगणनेत चढवतो. मधली आवृत्ती विसरलो तर वर्ष चुकते.

११/
सर्वांना परिचित उदाहरण शिवजन्माचे. जेधे शकावलीतील मिती : शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. तिचे रूपांतर १९ फेब्रुवारी १६३० असे केले जाते. पण ही तारीख ज्युलियन कालगणनेतली आहे. आज आपल्या भिंतीवर असलेल्या ग्रेगोरियन कालगणनेत तोच दिवस १ मार्च १६३० येतो. पोर्तुगालने ग्रेगोरियन पद्धत १५८२ मध्येच स्वीकारली होती. इंग्लंडने ती १७५२ पर्यंत टाळली. त्यामुळे सतराव्या शतकात गोव्याच्या आणि सुरतेच्या कागदांत एकाच दिवसाला दहा दिवसांचे अंतर पडते. दोन्ही तारखा खऱ्या, आवृत्त्या निराळ्या.

१२/
आता हीच तारीख संगणकाला विचारा. पायथनला १९ फेब्रुवारी १६३० चा वार विचारला तर उत्तर येते मंगळवार. शकावली म्हणते शुक्रवार. शकावली चुकली काय? नाही. पायथनचे तारखेचे मॉड्यूल ग्रेगोरियन पद्धतच मागच्या शतकांत ताणून नेते. १ मार्च १६३० विचारा, उत्तर शुक्रवार येते. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या मितीत लिहिलेला तो वार आज ताळा म्हणून उभा राहतो. लिहिणाऱ्याने वार लिहिला नसता, तर ही विसंगती आपल्याला दिसलीच नसती.

१३/
या प्रसंगात संगणकाने कोणताही इशारा दिला नाही. ‘आपण विचारलेली तारीख दुसऱ्या कालगणनेतील असू शकते’ असे तो म्हणाला नाही. शांतपणे मंगळवार म्हणाला. म्हणून मला इशारा देणाऱ्या पॅकेजची भीती वाटत नाही. जे गप्प राहते त्याची वाटते.

१४/
एक्सेलचेही तसेच. त्याच्या नेहमीच्या तारीखपद्धतीत १९०० च्या आधीची तारीख, तारीख म्हणून बसतच नाही. ती निव्वळ मजकूर होते. त्याच पद्धतीत २९ फेब्रुवारी १९०० हा प्रत्यक्षात कधीच न उगवलेला दिवस आहे. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रामशी जुळते राहावे म्हणून तो मुद्दाम ठेवला गेला. मॅकवरच्या जुन्या एक्सेलची मोजणी १९०४ पासून सुरू होत असे. दोन पद्धतींच्या फाइलींमध्ये तारखा इकडून तिकडे चिकटवल्या तर त्या १,४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षे आणि एका दिवसाने सरकू शकतात. जन्ममृत्यूच्या नोंदींचा तक्ता करणाऱ्याने हे आधी जाणून घ्यावे.

१५/
म्हणून मी संगणकाच्या वागण्याच्या तीन पायऱ्या मानते. नकार म्हणजे बंद दार. इशारा म्हणजे दारावर लावलेली पाटी. मौन म्हणजे उघडे दार आणि आत खचलेली जमीन. आपला सगळा राग पहिल्या दोघांवर निघतो. अभ्यासाचे खरे नुकसान तिसरे करते. आणि मराठी मजकुराच्या बाबतीत हे तिसरे फार मोठ्या प्रमाणावर घडले आहे.

१६/
मराठी संगणकावर आली तो काळ आठवू. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे ‘जिस्ट’ हे काम पुढे तिथे वाढले. भारतीय लिप्यांसाठीचे ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून आले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर बेतलेली होती. म्हणजे मानक लवकर तयार होते. डीटीपीच्या दुकानात मात्र वेगळेच राज्य होते.

१७/
दुकानात होती सी-डॅकची आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, आकृती, शिवाय ‘शिवाजी’, ‘किरण’ यांसारखे सुटे फाँट. त्यांची युक्ती साधी होती. संगणकाला वाटे की आपण रोमन अक्षरे साठवत आहोत. फाँट त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढून दाखवी. कोणत्या जागी कोणता तुकडा, याचा तक्ता प्रत्येक कंपनीचा वेगळा. फाँट असेपर्यंत मराठी. फाँट गेला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा.

१८/
यात एक बारकावा आहे. या फाँटांत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जात. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो : आधी क, मग वेलांटी. म्हणून जुन्या मजकुराचे रूपांतर म्हणजे केवळ एका खुणेच्या जागी दुसरी ठेवणे नव्हे. वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे उचलून योग्य जागी बसवावी लागतात. रूपांतरक अर्धवट असेल तर इशारा देत नाही. सरळ चुकीचा शब्द देतो.

१९/
ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाजूने पाहू. विंडोजमध्ये देवनागरी स्वतःहून आली ती विंडोज २००० पासून, ‘मंगल’ या फाँटसह. पुढच्या विंडोज एक्सपीमध्येही नेहमीच्या प्रतीवर देवनागरी नीट दिसण्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. ज्याच्याकडे ती सीडी नव्हती, त्याच्याकडे जोडाक्षरे तुटलेली आणि वेलांट्या भरकटलेल्या. तोच मजकूर, तोच युनिकोड. यंत्र तेवढे तयार नव्हते.

२०/
आणि आता माझे सर्वांत आवडते उदाहरण : ‘ॲ’. मराठीला लागणारे हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये आले २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. २००१ च्या विंडोज एक्सपीसोबत आलेल्या फाँटात ते असणेच शक्य नव्हते. अशा यंत्रावर ‘ॲड.’ हा शब्द चौकोन होऊन उमटे. म्हणून अनेकांनी आधी ‘अ’ आणि मग वरची चंद्रकोर अशी दोन खुणांत जोडणी केली. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते. शोधयंत्राला नाही. एका पद्धतीने शोधलेला ‘ॲड.’ दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला सापडेलच असे नाही, आणि शोधणारा मान डोलावून लिहितो : ‘उल्लेख नाही’.

२१/
‘उल्लेख नाही’ हे इतिहासात किती मोठे विधान आहे, हे आपल्याला सांगायला नको. अनुल्लेखावरून निष्कर्ष काढू नये, हा पहिल्या सत्रातला धडा. त्यात आता एक पोटकलम घालायला हवे : शोध कोणत्या आवृत्तीत घेतला, हे सांगितल्याशिवाय अनुल्लेखही नोंदवू नये.

२२/
हे आमच्या शहरापुरते पाहा. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावे एकत्र करून १९७० मध्ये नगरपालिका झाली. १९८२ मध्ये महानगरपालिका. १९९७ मध्ये आणखी गावे हद्दीत आली. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली, पुढे आकुर्डीत बजाज आणि पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्को. नांगर ठेवून माणसे पाळीला जाऊ लागली. शेतजमिनी गुंठ्यागुंठ्याने विकल्या गेल्या आणि काळेवाडीसारख्या वस्त्या दाट झाल्या. या बदलाच्या उत्तरार्धाचे साक्षीदार कागद कोणते?

२३/
सरकारी दप्तरे आहेतच. पण एखादा भाग आतून कसा बदलला हे सांगणारे कागद वेगळे असतात : गणेश मंडळाच्या स्मरणिकेतील वर्गणीदारांची यादी, ग्रामदैवताच्या जत्रेची पत्रिका, एका तालुक्यातून कामासाठी आलेल्यांच्या मित्रमंडळाचा अहवाल, कामगार पतपेढीचा ताळेबंद. कोणत्या वर्षी यादीत कोणती नवी आडनावे आली, कोणत्या दुकानाची जाहिरात नाहीशी झाली, यावरून वस्तीचा इतिहास लिहिता येतो. हे सारे गल्लीतल्या डीटीपी दुकानात, पेजमेकरमध्ये, अशाच फाँटांत जुळवले गेले.

२४/
अशी एक सीडी मला काळेवाडीतल्या एका बंद झालेल्या दुकानाच्या मालकांकडून पाहायला मिळाली. काकांनी ती जपून ठेवली होती, वर मार्करने वर्षही घातले होते. फाइली शाबूत होत्या. पण पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. त्याच्या फाइली उघडू शकणारे इनडिझाइन २०१२ च्या सीएस६ पर्यंतच. पुढच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. शिवाय त्या काळची अनेक पॅकेजे प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लावायच्या डोंगलशिवाय चालत नसत. आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही. सीडी हातात आहे आणि वाचन दहा दारांपलीकडे.

२५/
काकांनी मात्र एक गोष्ट केली होती, जी मोठ्या संस्थांनाही सुचत नाही. सीडीच्या पाकिटात एक चिठ्ठी होती : कोणते विंडोज, पेजमेकरची कोणती आवृत्ती, कोणता फाँट. धंद्याची सवय. दुसऱ्या दुकानात छपाईला द्यायचे तर हे लिहावेच लागे. त्या तीन ओळींमुळे कोणत्या फाँटचा तक्ता शोधायचा हे कळले, आणि निदान मजकूर तरी वाचता आला. त्या ओळी नसत्या तर माझ्या हातात फक्त एक चकचकीत तबकडी असती.

२६/
आता आक्षेपांकडे. पहिला : ‘सरळ अपडेट करा ना.’ हा सल्ला देणाऱ्याकडे सहसा नवे यंत्र असते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. प्रत्येक वेळी काही चालती यंत्रे भंगारात ढकलली गेली. आमच्यासारख्यांचा लॅपटॉप बहुधा एखाद्या कंपनीतून उतरलेला, दुसऱ्या हातचा असतो. आणि अपडेट केल्याने जुनी फाइल उघडत नाही. पुष्कळदा उलटच होते. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे प्रोग्राम चालत नाहीत, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांचेच आहे. पुढे जाणाऱ्याने मागचा जिना काढून घेतलेला असतो.

२७/
दुसरा आक्षेप अधिक वजनदार : ‘बहुतेक इशारे निरुपद्रवी असतात.’ हे खरे आहे. आरचा तो इशारा दहापैकी बहुतेक वेळा काहीच बिघडवत नाही. सतत भुंकणाऱ्या कुत्र्याकडे लक्ष जात नाही, हेही खरे. पण म्हणून इशारे बंद करण्याची आज्ञा प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवावी, हे मला पटत नाही. ज्याकडे दुर्लक्ष करायचे ते वाचून दुर्लक्षावे. न वाचता दुर्लक्षणे म्हणजे लखोटा न फोडता उत्तर लिहिणे.

२८/
तिसरा आक्षेप : ‘पीडीएफ करून ठेवले की झाले.’ पीडीएफ हवेच. दीर्घकाळ जतनासाठी त्याचा ‘पीडीएफ/ए’ हा प्रकार २००५ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. पण जुन्या फाँटातून बनवलेले पीडीएफ डोळ्यांपुरते मराठी असते. त्यातली ओळ उचलून दुसरीकडे चिकटवा, तोच रोमन कचरा बाहेर पडतो. छायाचित्र म्हणून ते उत्तम. शोधता येणारे साधन म्हणून मुके.

२९/
पुण्यातील भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. हजाराहून अधिक हस्तलिखिते तपासली गेली. संपादकांनी एक पाठ वर छापला, पण उरलेले पाठभेद टाकून दिले नाहीत. ते तळाशी, कोणत्या पोथीत कोणता, अशा खुणांसह ठेवले. वाचकाला संपादकाशी असहमत होण्याची सोय राहिली. मराठीत पुस्तकालाही ‘आवृत्ती’ आणि सॉफ्टवेअरलाही ‘आवृत्ती’. शब्द एक आहे. निष्ठाही एक असावी.

३०/
म्हणून आपल्यापुरते काही नियम मी सुचवते. जुनी फाइल मिळाली तर तिची मूळ प्रत न उघडता, न बदलता वेगळी ठेवा. प्रतीवर काम करा. सोबत साध्या मजकुराची एक टीप ठेवा : सॉफ्टवेअर, त्याची आवृत्ती, फाँट, ऑपरेटिंग सिस्टीम, आणि उघडताना आलेला इशारा शब्दशः. मग पीडीएफ/ए प्रत आणि युनिकोड मजकूर, दोन्ही करा. रूपांतर कशाने केले तेही लिहा, कारण उद्या तुमचे रूपांतरही कोणाला तरी तपासायचे आहे.

३१/
प्रबंधासाठी आर किंवा पायथन वापरत असाल तर परिशिष्टात आवृत्त्यांची यादी द्या. आरमध्ये ‘सेशन-इन्फो’ ही एकच आज्ञा ती सगळी यादी काढून देते. अर्ध्या पानाचे काम आहे. आपण तळटिपेत ग्रंथाची आवृत्ती आणि पृष्ठ देतो. ज्या यंत्राने आकडे मोजले त्याची आवृत्ती मात्र देत नाही. तारखांचा तक्ता असेल तर ज्युलियन की ग्रेगोरियन हे शीर्षकातच लिहा, आणि मूळ कागदात वार असेल तर तो कधीही गाळू नका.

३२/
संस्थांकडून माझी अपेक्षा थोडी मोठी आहे. महानगरपालिकेच्या ग्रंथालयांनी, महाविद्यालयांनी आणि इतिहास मंडळांनी जुन्या सीडी व फाइली स्वीकारायला सुरुवात करावी, आणि स्वीकारताना त्यांची ‘मिती’ही मागावी. एखाद्या ठिकाणी तरी जुने विंडोज आणि जुनी पॅकेजे चालवणारे एक यंत्र, किंवा नव्या यंत्राच्या पोटात आभासी रूपाने चालणारे जुने यंत्र, कायदेशीर परवान्यांसह राखावे. ताम्रपटासाठी काचेची पेटी करतो, तसे पेजमेकरच्या फाइलीसाठी हे यंत्र. खर्च फार नाही. त्यासाठी आधी या फाइलीला ‘साधन’ मानावे लागेल, आणि अडचण खरी तिथेच आहे.

३३/
घाई यासाठी की डीटीपीची ती पिढी आता निवृत्त होते आहे. कोणत्या दुकानात कोणता फाँट चालत असे, कोणत्या कळीवर ‘क्ष’ होता, हे ज्ञान त्यांच्या बोटांत आहे. मोडीच्या बाबतीत जाणकार लेखणिक गेल्यावर आपण वर्ग काढले. इथे जाणकार अजून भेटतात, चहाच्या टपरीवरही भेटतात.

३४/
तेव्हा मित्रांनो, या रविवारी आपल्या भागातील एका जुन्या डीटीपी दुकानात जा. काकांना किंवा ताईंना विचारा, जुन्या सीडी आहेत का, कोणत्या फाँटात काम चालायचे. उत्तर लिहून घ्या, तारखेसह. आणि पुढच्या वेळी संगणकाने ‘हे दुसऱ्या आवृत्तीत बांधलेले आहे’ असे सांगितले, तर चौकट बंद करण्याआधी ते वाक्य उतरवून ठेवा. कोणीतरी आपल्याला मिती सांगत आहे.

धागा समाप्त. आपल्या गावातील फाँटांची आणि फाइलींची माहिती खाली अवश्य जोडावी.